केटामाइन आणि ग्लुटामेटवर काम करणारी नवी औषधे : नैराश्य खरोखर काही तासांत उतरते का?

प्रश्न असा आहे. थोरल्या भावाला काही वर्षांपासून नैराश्याचा आजार आहे. तीन वेगवेगळ्या गोळ्या देऊन झाल्या. दर वेळी थोडा गुण येतो आणि काही महिन्यांत पुन्हा जैसे थे होते. आता एका मनोविकारतज्ज्ञांनी केटामाइनची सलाईन सुचवली आहे. हे तर भुलीचे औषध, शिवाय बातम्यांत त्याचे नाव नशेच्या पदार्थांबरोबर येते. मग ते नैराश्यावर काही तासांत कसे काम करते, दादाला ते द्यावे का, त्याची सवय लागेल का, आणि हे औषध खरे असेल तर इतकी वर्षे घेतलेल्या सेरोटोनिनच्या गोळ्या चुकीच्या होत्या का, असे धाकट्या बहिणीने विचारले आहे.

ताई, आधी मुख्य उत्तर देतो. औषधाचा वेग खरा आहे, त्यात अतिशयोक्ती नाही. नेहमीच्या गोळ्यांना जेथे काही आठवडे लागतात तेथे केटामाइनने अनेक रुग्णांना पहिल्या चोवीस तासांत हलके वाटू लागते, आणि आत्महत्येचे विचारही काही तासांत ओसरू शकतात. मात्र एका सलाईनने मिळणारा हा आराम बहुतेकांना काही दिवसच पुरतो. त्यामुळे ‘द्यावे का’ याचा निर्णय करताना आजवरचे उपचार खरोखर पूर्ण झाले होते का, आणि सलाईननंतरच्या आठवड्यांची आखणी कोणी केली आहे का, हे दोन मुद्दे सर्वांत आधी पाहावे लागतात. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आज वापरात असलेल्या बहुतेक नैराश्यविरोधी औषधांची परंपरा १९५०च्या दशकात सुरू झाली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड देताना त्यांची मनःस्थिती अनपेक्षितपणे सुधारत असल्याचे दिसले, आणि थोड्याच वर्षांत स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण नोंदवला. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांची उपलब्धता वाढवतात असे पुढे कळले, आणि फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही आजची परिचित नावे त्याच वाटेने आली. या वाटेवर एक कोडे मात्र कायम राहिले. गोळी घेतल्यापासून काही तासांत चेतासंधीतील (दोन चेतापेशींमधल्या जोडातील) सेरोटोनिन वाढते, पण रुग्णाला बरे वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. याचा अर्थ सेरोटोनिनची वाढ हा स्वतः उपचार नाही. त्या वाढीमुळे मेंदूत जे सावकाश बदल घडतात त्यांनी गुण येतो.

दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णांची लक्षणे पूर्ण गेली. दोन उपचार निष्फळ ठरल्यानंतर तिसऱ्या टप्प्यावर हे प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास घसरले. म्हणजे दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही गुण आला नसेल, तर त्याच जातीची आणखी एक गोळी देऊन फार आशा धरण्यात अर्थ नसतो. अशा आजाराला आम्ही उपचारांना दाद न देणारे नैराश्य म्हणतो, आणि ग्लुटामेट या मेंदूतील दुसऱ्या रसायनावरचे सगळे संशोधन मुख्यतः याच रुग्णांसाठी चालले आहे.

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांपैकी सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशी केवळ काही लाख असून त्या मेंदूच्या बुंध्यात एकवटलेल्या आहेत; तेथून त्यांचे तंतू सर्वत्र पसरतात आणि इतर पेशींचे काम कमीजास्त करतात. याउलट एका पेशीने दुसरीला उत्तेजित करण्याचा जो मूळ व्यवहार आहे, ज्यावर शिकणे, आठवणे, विचार करणे हे सारे उभे आहे, तो बहुतांशी ग्लुटामेटच्या साहाय्याने चालतो. (अजिनोमोटोत किंवा टोमॅटोत असलेल्या ग्लुटामेटशी याचा गोंधळ करू नये. आहारातील ग्लुटामेट रक्तातून मेंदूत सहसा शिरत नाही, त्यामुळे पथ्यपाण्याने हे साधणारे नाही.) पेशीच्या पृष्ठभागावर ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी अनेक प्रकारची ग्राहके असतात. आपल्या विषयात त्यांपैकी दोन महत्त्वाची : एनएमडीए आणि अ‍ॅम्पा. केटामाइन एनएमडीए ग्राहकाच्या नलिकेत शिरून तिचा मार्ग अडवते.

गंमत अशी की ग्लुटामेटचा धागा सेरोटोनिनच्या धाग्याइतकाच जुना आहे, आणि तोही क्षयाच्या वॉर्डातूनच निघाला. जॉर्ज क्रेन या मनोविकारतज्ज्ञाने १९५९मध्ये सायक्लोसेरिन हे क्षयावरचे औषध घेणाऱ्या रुग्णांची मनःस्थिती सुधारल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. सायक्लोसेरिन एनएमडीए ग्राहकाच्याच एका भागाला चिकटते हे फार नंतर समजले. आपल्याकडे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी हे औषध आजही दिले जाते, आणि काही रुग्णांना त्याच औषधाने भास, चिडचिड किंवा नैराश्य येते. एकच ग्राहक, पण मात्रा आणि माणूस बदलला की परिणाम उलटतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या दालनातील औषधे तज्ज्ञाच्या नजरेखालीच का द्यावीत याचे कारण त्यात आहे.

केटामाइन १९६२मध्ये कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी पार्क-डेव्हिस या अमेरिकी कंपनीसाठी तयार केले. फेनसायक्लिडिन नावाचे आधीचे भुलीचे औषध रुग्णांना शुद्धीवर येताना फार भ्रमिष्ट करत असे, म्हणून त्याच्या जातीतील सौम्य आणि कमी काळ टिकणारे औषध हवे होते. १९६४मध्ये एडवर्ड डोमिनो आणि ग्युंटर कोर्सेन यांनी ते माणसांना प्रथम दिले, १९७०मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते सर्रास वापरले गेले. श्वास आणि रक्तदाब टिकवून भूल देणारे हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत १९८५पासून आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांना ते चांगले परिचयाचे आहे. म्हणून ‘हे काहीतरी नवीन आणि अघोरी आहे’ अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. औषध जुनेच आहे. त्याचा हा उपयोग मात्र नवा आहे.

या उपयोगाची पहिली ठोस नोंद २०००मध्ये येल विद्यापीठातून आली. रॉबर्ट बर्मन, जॉन क्रिस्टल, डेनिस चार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या अगदी मोजक्या रुग्णांना दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम केटामाइन चाळीस मिनिटांत शिरेतून दिले आणि तीन दिवसांच्या आत लक्षणीय सुधारणा पाहिली. अभ्यास इतका लहान होता की फारसे कोणी मनावर घेतले नाही. २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील कार्लोस झराटे यांनी उपचारांना दाद न देणाऱ्या १८ रुग्णांवर तोच प्रयोग केला. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याहून कमी झाली, २९ टक्क्यांची जवळजवळ पूर्ण गेली, आणि ३५ टक्क्यांमध्ये हा आराम किमान आठवडाभर टिकला. या आकड्यांतील शेवटचा आकडा लोक विसरतात. उरलेल्यांना आठवडाही आराम मिळाला नाही, हे त्याच अभ्यासात स्पष्ट लिहिलेले आहे. पुढे २०१३मध्ये जेम्स मरो यांच्या गटाने तुलनेसाठी सलाईनच्या पाण्याऐवजी मिडॅझोलाम हे गुंगी आणणारे औषध वापरले. चोवीस तासांनी केटामाइनच्या गटात ६४ टक्के आणि मिडॅझोलामच्या गटात २८ टक्के रुग्णांना प्रतिसाद होता, म्हणजे लक्षणे निम्म्याने तरी कमी झाली होती.

आता मेंदूत नेमके काय घडते ते पाहू, कारण तुमच्या शंकांपैकी निम्म्या शंका त्यातून सुटतील. केटामाइन शरीरात फार वेळ राहत नाही. दोन-तीन तासांत त्याची रक्तातील पातळी निम्म्यावर येते, दुसऱ्या दिवशी ते जवळपास नसतेच, आणि तरीही दुसऱ्या दिवशीच रुग्णाला सर्वांत बरे वाटते. अर्थात हा गुण औषधाच्या हजेरीचा नाही. औषध येऊन गेल्यामुळे जे सुरू झाले त्याचा आहे. सर्वाधिक प्रचलित अर्थ असा लावला जातो की कमी मात्रेत केटामाइन आधी आवर घालणाऱ्या लहान चेतापेशींवरील एनएमडीए ग्राहके बंद करते. त्यांचा धाक क्षणभर सैल झाला की मुख्य पेशी जास्त ग्लुटामेट सोडतात, हे ग्लुटामेट अ‍ॅम्पा ग्राहकांवर काम करते, आणि त्यातून बीडीएनएफ नावाचे पेशींच्या वाढीला पोषक प्रथिन मोकळे होऊन नव्या प्रथिनांची निर्मिती सुरू होते. येलमधील रोनाल्ड ड्यूमन यांच्या गटाने २०१०मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पुढील भागात याचा परिणाम प्रत्यक्ष दाखवला. दीर्घ ताणामुळे चेतापेशींच्या तंतूंवरील जे सूक्ष्म उंचवटे झडून गेलेले असतात ते, छाटलेल्या फांदीला पहिल्या पावसानंतर कोंब यावेत तसे, एका दिवसात पुन्हा दिसू लागतात. याच उंचवट्यांवर एक पेशी दुसरीशी जोडलेली असते. (ड्यूमन यांच्याच हाताखाली येल येथे संशोधन केलेल्या प्रा. विदिता वैद्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मनःस्थिती आणि ताण यांच्या मेंदूतील यंत्रणेवर अनेक वर्षे काम करत आहेत, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.)

पुढे २०१९मध्ये कॉनर लिस्टन यांच्या गटाने याचा क्रम तपासला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांच्या वर्तनातील सुधारणा आधी आली. नवे उंचवटे काही तासांनी आले. ते नवे उंचवटे मुद्दाम नष्ट केले तेव्हा सुरुवातीची सुधारणा गेली नाही, पण ती टिकली नाही. म्हणजे पहिला आराम आणि टिकाऊ आराम या दोन निराळ्या घटना आहेत. दवाखान्यात आम्ही जे पाहतो त्याच्याशी हे तंतोतंत जुळते, आणि दादांच्या उपचारांची आखणीही याच भेदावर करावी लागेल.

इतके सांगूनही प्रामाणिकपणे म्हणावे लागते की ‘एनएमडीए बंद, नैराश्य गायब’ असे हे सरळ समीकरण नाही. स्मृतिभ्रंशासाठी दिले जाणारे मेमँटिनही एनएमडीए ग्राहक अडवते, पण नैराश्यावर त्याची चाचणी निष्फळ ठरली. २०१८मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला असे दिसले की नाल्ट्रेक्सोन देऊन शरीरातील अफूसदृश रसायनांची ग्राहके बंद केली तर केटामाइनचा नैराश्यावरील गुण मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. आणि रॅपामायसिन या औषधाने नव्या प्रथिनांची ती साखळी तोडल्यास उंदरांतील गुण जातो, म्हणून माणसांतही तो जाईल अशी अपेक्षा होती; २०२०च्या प्रयोगात उलट घडले. आधी रॅपामायसिन घेतलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांचा प्रतिसाद दोन आठवड्यांनंतरही टिकून होता, न घेतलेल्यांपैकी १३ टक्क्यांचा. रुग्ण अवघे वीस होते, पण उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना किती जपावे लागते ते त्यातून दिसते.

आणखी एक अडचण या संशोधनाच्या मुळाशीच आहे. केटामाइन दिल्यावर रुग्णाला ते लगेच जाणवते, त्यामुळे कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला खोटे हे लपून राहत नाही, आणि मोठ्या आशेने आलेल्या माणसाची आशाही आपले काम करते. यावर उपाय म्हणून स्टॅनफर्डमध्ये नैराश्य असलेल्या चाळीस रुग्णांना दुसऱ्याच कारणासाठीच्या शस्त्रक्रियेत, पूर्ण भुलीखाली असताना, केटामाइन किंवा साधे सलाईन दिले गेले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्ही गटांची लक्षणे सारखीच आणि बरीच कमी झाली. २०२५मध्ये आयर्लंडमधील रुग्णालयात दाखल रुग्णांवरच्या चाचणीत, जेथे तुलनेला मिडॅझोलाम होते, केटामाइनच्या अनेक सलाईन देऊनही स्पष्ट सरशी दिसली नाही. यावरून केटामाइन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. ऑस्ट्रेलियातील चाचणीत त्वचेखाली दिलेल्या साध्या, स्वस्त केटामाइनची मात्रा रुग्णागणिक वाढवली तेव्हा चार आठवड्यांनी १९.६ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते आणि मिडॅझोलामवरचे केवळ २ टक्के. हा फरक नुसत्या आशेचा मानणे मला कठीण जाते. पण जाहिरातीत ‘सत्तर टक्के यश’ लिहिलेले दिसले तर तो आकडा कोठून आला आणि किती दिवसांचा आहे, हे तुम्ही जरूर विचारावे.

केटामाइनच्या रेणूची दोन रूपे एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखी असतात. त्यांतील एक, एस्केटामाइन, नाकात फवारण्याच्या स्वरूपात मार्च २०१९मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सोबत नेहमीची गोळी चालू ठेवायची, आठवड्यातून दोनदा ५६ किंवा ८४ मिलिग्रॅमचा फवारा दवाखान्यातच घ्यायचा आणि पुढे किमान दोन तास तेथेच थांबायचे, अशी अट घातली गेली. २०२५च्या जानेवारीत ते एकटे वापरण्यासही तेथे परवानगी मिळाली. आराम टिकवण्याच्या दृष्टीने त्याची एक चाचणी बोलकी आहे. पूर्ण बरे होऊन स्थिर झालेल्या रुग्णांपैकी ज्यांनी फवारा चालू ठेवला त्यांच्यात सुमारे २७ टक्के जणांचा आजार उलटला, ज्यांचा बंद केला त्यांच्यात ४५ टक्के. तरीही खर्चाच्या मानाने मिळणारा लाभ पुरेसा सिद्ध झाला नाही असे म्हणून सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने त्याची शिफारस नाकारली. आपल्याकडे शिरेतून दिल्या जाणाऱ्या साध्या केटामाइनचाच वापर प्रामुख्याने होतो. भुलीसाठी मान्य असलेले औषध डॉक्टर आपल्या जबाबदारीवर नैराश्यासाठी देतात, आणि त्यासाठी रुग्णाची लेखी संमती घेतली पाहिजे.

ग्लुटामेटच्या मार्गाने आलेले तोंडाने घेण्याचे एक औषधही आहे. खोकल्याच्या औषधात असते ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचे जुने औषध यांची एकत्र गोळी ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत मान्य झाली. यकृत डेक्स्ट्रोमेथॉर्फन लगेच मोडून टाकते, बुप्रोपिऑन ते मोडणे थांबवते, आणि पहिल्या आठवड्यापासून फरक दिसू शकतो. यावरून कोणी घरी खोकल्याचे औषध घेऊन पाहू नये. सेरोटोनिनच्या गोळ्यांबरोबर ते धोकादायक ठरू शकते. बाकी या वाटेवर अपयशच जास्त आहे. एनएमडीए ग्राहकावरच काम करणारे रापास्टिनेल २०१९मध्ये चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यावर कोसळले, पुढे तशाच एसमेथाडोनच्या चाचण्याही अयशस्वी ठरल्या.

शॉक ट्रीटमेंटविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण घरात कोणीतरी नक्की म्हणेल की ‘निदान शॉक तरी टळतील’. २०२३मध्ये अमेरिकेत चारशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या तुलनेत केटामाइनला ५५ टक्के आणि विद्युत उपचाराला ४१ टक्के प्रतिसाद मिळाला. परंतु त्यात भ्रम वा भास असलेले रुग्ण नव्हते आणि बहुतेक जण घरून ये-जा करणारे होते. स्वीडनमध्ये दाखल झालेल्या, अधिक आजारी रुग्णांत विद्युत उपचार सरस ठरला : लक्षणे पूर्ण गेलेले रुग्ण ६३ टक्के विरुद्ध ४६ टक्के. माणूस जेवणपाणी सोडून बसला असेल, आपण पापी आहोत, आपल्यामुळे घर बुडाले अशा ठाम समजुती त्याच्या मनात घर करून असतील, तर भूल देऊन केला जाणारा विद्युत उपचार हाच मी आजही आधी सुचवतो. त्याची भीती चित्रपटांनी वाढवून ठेवली आहे.

आता प्रत्यक्ष सलाईनच्या दिवशी काय होते ते सांगतो, कारण नातेवाइकांना याचीच सर्वांत जास्त धास्ती असते. साठ किलो वजनाच्या माणसाला तीस मिलिग्रॅम लागते. बाटलीत दर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरहून थोडेसेच जास्त. तेच औषध ऑपरेशनसाठी द्यायचे तर दुप्पट ते चौपट मात्रा एका मिनिटात द्यावी लागते. येथे ती मोठ्या सिरिंजमध्ये सलाईनच्या पाण्यात मिसळून पंपाने चाळीस मिनिटे थेंबाथेंबाने जाते. रुग्ण काही तासांचा उपाशी असतो, बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा असतो, खोलीतला दिवा मंद आणि बोलणे कमी असते, आणि भूलतज्ज्ञ किंवा श्वासमार्ग सांभाळण्याचे प्रशिक्षण असलेला डॉक्टर तेथेच असतो. दहा-पंधरा मिनिटांनी रुग्ण सांगू लागतो की हात लांब गेल्यासारखे वाटतात, पंख्याचा आवाज वेगळाच येतो, आपण आपल्यालाच वरून पाहत आहोत. काहींना हे सुखद वाटते, काही घाबरतात. रक्तदाब वर जातो, मळमळ होते, कधी उलटी होते. पंप बंद झाल्यावर तासाभरात हे सगळे बहुधा निवळते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाचे कागद सही करायचे नाहीत, आणि सोबत कोणीतरी घरचे हवे. पूर्वी वेडाचा झटका येऊन गेलेला, रक्तदाब ताब्यात नसलेला, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, दारूचे वा इतर व्यसन चालू असलेला रुग्ण, तसेच गर्भवती स्त्री यांना हे औषध आम्ही टाळतो.

सवयीचा प्रश्न गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवणार नाही. नशेसाठी वारंवार आणि मोठ्या मात्रेत केटामाइन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला कायमची इजा होते. दर अर्ध्या तासाला लघवीला जावे लागते, रक्त पडते. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा मृत्यू केटामाइनच्या तीव्र परिणामाने झाला. ते वैद्यकीय देखरेखीखालच्या सलाईनबरोबरच बाहेरून मिळवलेले केटामाइन घेत होते. भारतात हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते आणि शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातील एक प्रत केमिस्टला दोन वर्षे जपावी लागते. दवाखान्यात, मोजून, ठरलेल्या दिवशी दिलेल्या सलाईनने व्यसन लागल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. धोका वाढतो तो औषध घरी येते तेव्हा. गोळ्या, नाकात टाकायचे थेंब किंवा कुरिअरने येणारे केटामाइन कोणी देऊ करत असेल तर तेथून सरळ परत या.

मग दादांना द्यावे का? आधी जुन्या चिठ्ठ्या एकत्र करा आणि प्रत्येक गोळी किती मिलिग्रॅमची होती व सलग किती आठवडे घेतली ते लिहून काढा. उपचारांना दाद न देणारे म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांनी एकही औषध पुऱ्या मात्रेत सहा आठवडे घेतलेले नसते. बरे वाटले म्हणून किंवा झोप येते म्हणून मध्येच सोडलेले असते. थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. आयुष्यात कधी काही दिवस झोप न लागताही विलक्षण उत्साह, उधळपट्टी, बडबड असा काळ येऊन गेला होता का, हे आई-वडिलांना विचारा. तसे असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो आणि मग उपचारांची दिशाच बदलते. दारूविषयी खरे उत्तर काढून घ्या. झोपेसाठी क्लोनॅझेपाम किंवा अल्प्राझोलाम चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांच्यामुळे केटामाइनचा गुण कमी होऊ शकतो. पण ते स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते.

हे सगळे तपासूनही तीन औषधे खरोखर पुरी झाली असतील, तर केटामाइनचा प्रयत्न योग्य आहे असे माझे मत आहे. त्यासाठी साधारणपणे आठवड्यातून दोनदा अशा सहा-आठ सलाईन असतात. चौथ्या सलाईनपर्यंत काहीच फरक नसेल तर मी सहसा थांबतो. फरक पडला तर सलाईनमधले अंतर हळूहळू वाढवले जाते, आणि याच दिवसांत मानसोपचार, नियमित झोप, रोजचे चालणे आणि कामावर टप्प्याटप्प्याने परतणे हे सुरू व्हावे लागते. वर सांगितलेले नवे जोड टिकतात ते वापरल्याने असे मानायला बरीच जागा आहे. ज्या ठिकाणी फक्त सलाईनचे पॅकेज विकले जाते आणि दुसऱ्या महिन्याविषयी कोणी बोलत नाही, तेथे जाऊ नये. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : सलाईनच्या वेळी खोलीत कोण असेल, आजाराची तीव्रता कोणत्या मापनाने आणि किती वेळा मोजली जाईल, आणि गुण आला तर तो टिकवण्यासाठी पुढचे सहा महिने काय केले जाईल.

जुन्या गोळ्या चुकीच्या नव्हत्या. लाखो लोक त्यांच्यावर बरे होतात आणि केटामाइननंतर आराम टिकवण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच राहते, म्हणून सलाईन सुरू झाली तरी चालू गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. आणि एक गोष्ट आजच करण्याची आहे. दादांना मरणाचे विचार येतात का, हे त्यांना सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर सलाईनची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्यांना एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशके आणि साठवलेल्या गोळ्या कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, बोलता येते.